पहिली ओळ बाईंची

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे, आणि गंमत अशी की आजपर्यंत मला कुणीही पांघरलेले नाही. माझ्या अंगावर रंगीत तुकडे नाहीत. वरून-खालून साधे पांढरट कापड आणि पोटात एक विरलेली चादर, एवढाच माझा थाट. गोधडीच्या वर्गात मला सगळे ‘पाटी’ म्हणतात. शाळेच्या पाटीवर जसे लिहायचे आणि पुसायचे, तसे माझ्यावर शिवायचे आणि उसवायचे.

माझा जन्म रडारडीतून झाला. बाईंचा वर्ग नवा होता, तेव्हा एका मुलीने आईच्या जपून ठेवलेल्या साडीवरच सुई चालवली. दोरा ओढताना साडी टरकन फाटली आणि तिने असे भोकाड पसरले, की खालच्या मजल्यावरचा सायकलवाला हातातला पाना टाकून वर धावत आला. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला शिवून आणले. “काय गोंधळ घालायचा तो आधी हिच्यावर घाला,” त्या म्हणाल्या, “मग चांगल्या कापडाला हात लावा.”

तेव्हापासून माझे वर्ष ठरलेले आहे. वर्ग सुरू झाला की बाई माझ्या कडेने धावदोऱ्याची पहिली ओळ घालतात. तिच्यापासून बोटभर अंतर सोडून एक शिकणारा आपली ओळ घालतो, त्याच्या शेजारी दुसरा. अशा ओळी कडेकडून मधे सरकत जातात. वर्ष संपले की बाई मला मांडीवर घेऊन कोण काय शिकले ते वाचतात, सगळ्या ओळी उसवतात आणि मला धुऊन कपाटात ठेवतात. मुलांच्या स्वतःच्या गोधड्यांवरही पहिली ओळ बाईच घालून देतात. मुले म्हणजे काय, त्यात आजोबाही असतात! बाईंचा हात लागला की गोधडी बिघडत नाही, असा सगळ्यांचा ठाम विश्वास. त्या गोधड्या कुणाच्या बाळाकडे जातात, कुणाच्या आजीकडे जातात. मी मात्र डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहते. खोटे कशाला बोलू, वाईट वाटते.

पण यंदाचे वर्ष वेगळे निघाले, ते सांगते.

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्यावर ओळ घालायला घेतली. मधपर्यंत सुई नाकासमोर चालली आणि पुढे हळूच कडेकडे घसरत गेली. मला वाटले, आता उसवतील. त्यांनी ओळीवरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, “झकास!” मी चाटच पडले. या हाताने एक वाकडा टाका कधी सोडला नव्हता.

मग मी लक्ष ठेवू लागले. बाईंची खुर्ची खिडकीजवळ सरकली होती. दोरा गडद रंगाचा झाला होता. सुईत दोरा ओवायची वेळ आली की त्या वर्गात शिकायला येणाऱ्या नर्सताईपुढे सुई धरत, “तुझे डोळे तरणे आहेत, तूच ओव.” त्यांची लेक संध्याकाळी न्यायला आली की रोज एकच गाणे लावायची, “आई, डोळे दाखवून घे ना गं एकदा.” बाई म्हणायच्या, “बघू. आधी वर्ग संपू दे.” एकदा सगळे गेल्यावर माझी घडी घालता घालता त्या स्वतःशीच म्हणाल्या, “उद्या डॉक्टर म्हणाले, सुई खाली ठेवा, तर मी सकाळी उठून करू काय?” तेव्हा मला सगळे समजले. या वर्गाशिवाय बाईंना दुसरे काही नाही.

माझ्यावरची दुसरी ओळ पोस्टमनकाकांची होती. काका निवृत्त झालेले, घरी नातवंड येणार म्हणून गोधडी शिकायला आलेले. त्यांची पहिलीच ओळ पट्टीने आखल्यासारखी सरळ आली. मला इतका आनंद झाला! काकांनी मात्र आपली ओळ पाहिली, बाईंची पाहिली. शेवटाकडे दोन्ही ओळींमधले अंतर वाढत गेले होते. त्यांनी डोके खाजवले, आपली ओळ मुकाट्याने उसवली आणि बाईंच्या ओळीसारखी वळवून पुन्हा घातली. मला तोंड असते तर ओरडले असते. मग काकांच्या मागे नर्सताई वळली. तिच्या मागे दोघी जावा वळल्या. या जावा घरी एकमेकींशी बोलत नाहीत, पण वर्गात एका रिळातून दोरा घेतात. सगळ्यांच्या ओळी एकाच कोपऱ्याशी घसरल्या, माझ्यावर आणि त्यांच्या स्वतःच्या गोधड्यांवरही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी खोलीत आडवी दोरी बांधून गोधड्या टांगल्या होत्या. मी टेबलावर पसरलेली. या दिवशी बाई प्रत्येकाचे वर्ष कसे गेले ते सांगतात आणि पुढच्या वर्षी काय शिकायचे तेही. त्या एकेका गोधडीवरून बोटे फिरवत निघाल्या.

“काका, टाके छान एकसारखे आलेत. फक्त इथे हात घसरला.” पुढच्या गोधडीशी त्या थबकल्या. “नर्सताई, तुझाही इथेच? ड्यूटीवरून पेंगत आलीस वाटतं.” मग जावांच्या दोन गोधड्या. “अगं, घरी तुमचं कशावर एकमत होत नाही, आणि चूक मात्र एकाच जागी!”

सगळे हसले, पण ते हसणे काही खरे नव्हते. बाईंच्या ते लक्षात आले. त्या माझ्याकडे आल्या आणि माझ्या कडेच्या ओळीवर बोट ठेवून सावकाश शेवटपर्यंत गेल्या.

“ही ओळ कुणाची?”

जावांनी एकमेकींकडे पाहिले.

“तुमचीच, बाई,” शेवटी नर्सताई म्हणाली.

“मग बोलला का नाही कुणी?”

पोस्टमनकाका उठून उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे. “माझी सरळ आली होती, बाई. तुमच्या ओळीशी जुळेना, म्हणून मी उसवली. म्हटलं, बाईंची कशी चुकेल?”

बाई खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि त्यांनी ते लपवलेही नाही. “मला नीट दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “वर्षभर दिसत नाहीये. सांगितलं तर वर्ग बंद पडेल, म्हणून गप्प बसले. आणि तुमच्या सगळ्यांच्या गोधड्या बिघडवल्या.”

“मोतीबिंदू असणार, बाई. तो काढता येतो,” नर्सताई म्हणाली. “मला केव्हाच शंका आली होती. पण तुमच्यासमोर तोंड उघडायची छाती झाली नाही.”

“आणि बिघडलं काय त्यात?” थोरली जाऊ म्हणाली. “पांघरल्यावर कोण ओळी बघतंय?”

धाकटीने लगेच मान डोलावली. हे दुसरे एकमत.

बाईंनी पदराने डोळे पुसले. “बरं. पुढच्या वर्षाचं ऐका. या वेळी शिकायचंय ते मला. मी डोळे करून घेते. आणि माझी ओळ चुकली, तर तोंडावर सांगायचं. हे ज्याला जमणार नाही, त्यानं या वर्गात येऊ नये.” मग त्यांनी आपली छोटी कात्री काकांपुढे धरली. “घ्या. माझी ओळ उसवा.”

काकांनी हात मागे घेतला. “हे नका सांगू मला, बाई.”

“स्वतःची सरळ ओळ उसवताना काही वाटलं नाही, मग हिची कसली दया?”

काकांनी कात्री घेतली. त्यांचा हात इतका थरथरत होता की पहिला टाका कापायलाच वेळ लागला. मी कितीदा उसवली गेले असेन, पण असे जपून कुणी उसवले नव्हते. मग बाईंनी त्यांनाच नवी ओळ घालायला लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या कडेची ओळ बाईंची नव्हती.

बाकीच्या ओळी उसवल्या आणि काकांची तेवढी ओळ घेऊन मी कपाटात पडले. सुट्टी संपली तरी कपाट उघडेना, आणि माझा जीव टांगणीला लागला. मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा, ऊन दाखवा, कसरीपासून वाचवा. मलाही ते हवेच आहे. पण त्या अंधारात मला राहून राहून वाटत होते ते वेगळेच. जे तुम्हाला शिकवतात, त्यांच्या डोळ्यांकडे, त्यांच्या हातांकडेही कधी लक्ष द्या. त्यांची ओळ घसरली तर जवळ बसून सांगा. त्यांचे मन राखायला म्हणून आपली सरळ ओळ उसवू नका. त्याने त्यांचे भले होत नाही.

अखेर एका सकाळी कपाट उघडले. दारात बाई, काळा चष्मा लावलेल्या, लेकीचा हात धरून. वर्ग जमलेला होता. काकांनी नातीची बातमी सांगितली, ती गोधडीशिवाय झोपत नाही म्हणाले. बाईंनी मला खिडकीशी पसरले, चष्मा कपाळावर सरकवला आणि काकांनी घातलेल्या ओळीवर वाकल्या. त्यांची नजर टाक्याटाक्याने शेवटपर्यंत गेली.

“काका,” बाई म्हणाल्या, “ही ओळ मधूनच तिरकी झालीये.”

काकांनी वाकून पाहिले. खरेच होती, त्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता ना! ते आधी वरमले, मग त्यांचे डोळे भरून आले आणि मग ते खो खो हसत सुटले.

“दिसली, बाई?”

“स्वच्छ दिसली,” बाई म्हणाल्या. “उसवा.”

इतक्या आनंदाने मला आजवर कुणी उसवले नव्हते.