अष्टमीची घागर

घागरीच्या काठाला एक पोचा होता, नेमका ओठांसमोर, आणि जयंती त्या पोच्याकडेच बघत फुंकत होती — कारण वर बघितलं असतं तर अंधेरीच्या त्या हॉलमधल्या सगळ्या बायका दिसल्या असत्या, उकडीच्या मुखवट्याची महालक्ष्मी दिसली असती, आणि दारापर्यंतची वाट कशी बंद झाली आहे तेही. अष्टमीला देवीपुढे घागरी फुंकायच्या, नव्या सुनांनी पुढच्या ओळीत बसायचं. घागरीत कोंडलेला उदाचा धूर तोंडावर येत होता. घूं... घूं... आपल्याच फुंकरीचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. आणि बोटांना मुंग्या आल्या.

नको. इथे नको, आज नको.

हे पहिल्यांदा आलं ते उन्हाळ्यात, ऑफिसात, टेलिफोनच्या बोर्डापुढे. कानात कुणीतरी नंबर मागत होतं, हातात वायर होती, आणि एकाएकी तिची खात्री झाली की आपण आता, या खुर्चीत, मरणार. मेली नाही. कार्डिओग्राम स्वच्छ आला. डॉक्टर हसले — ‘हृदय ठणठणीत आहे, एखादं मूल होऊ द्या, सगळं थांबेल.’ तेव्हापासून ती ऑफिसच्या बाथरूममध्ये थोडी थोडी मरायची आणि तोंड धुऊन परत बोर्डावर बसायची. नंदकिशोरला तिने अ‍ॅसिडिटी सांगितली होती. खरं सांगितलं तर? त्याच्या चुलतभावाच्या बायकोला अशीच ‘विश्रांतीसाठी’ माहेरी पाठवली, ती अजून माहेरीच आहे. तिचं नाव घरात हळू आवाजात घेतात. माझं कसं घेतील?

छातीत धडधड सुरू झाली. तिने हवा ओढली, अजून ओढली — पुरेना. घागर हातातून निसटली, फरशीवर घणघणली. मान, खांदे, सगळं अंग थरथरायला लागलं आणि तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून ती स्वतःच दचकली. झालं. सगळं उघडं पडलं.

‘आली गं बाई, आली!’ कुणीतरी ओरडलं. ‘माणिकताईंच्या सुनेच्या अंगात आली!’

तिला कळेचना. कोण आली? मग कपाळावर कुंकवाचं बोट टेकलं, पदरात खण-नारळ पडला, शेजारच्या सुंदराबाई, तिच्या आईहूनही मोठ्या, तिच्या पायांवर डोकं ठेवून उठल्या. मी मरतेय आणि या पाया पडताहेत! ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला श्वास कुठे होता? तेवढ्यात तळमजल्यावरची प्रेमा पुढे आली. तिचा नवरा मस्कतला गेला तो गेलाच, ना पत्र ना निरोप.

‘आई, माझे हे परत येतील ना गं? तेवढंच सांग.’

कालच रॉकेलच्या रांगेत दोघी शेजारी उभ्या होत्या, या प्रेमाने तिला जयू म्हटलं होतं. आणि आज ती हात जोडून, डोळे न मिटता बघत होती...

बायका बाजूला झाल्या. सासूबाई येत होत्या. त्यांना वाट द्यायचीच. वर्षानुवर्षं अष्टमीला देवी येते ती माणिकताईंच्या अंगात, हे अख्ख्या अंधेरीला ठाऊक. या ओळखणार, जयंतीला वाटलं. खरी माहीत असणाऱ्याला खोटी लगेच कळते.

त्यांनी पडलेली घागर उचलली, जयंतीच्या तोंडाशी धरली आणि दोघींवर आपला पदर ओढला. त्यांचं तोंड तिच्या कानाशी आलं.

‘आत घेऊ नकोस. बाहेर सोड. गरम दुधावर फुंकर घालतेस ना, तशी. हळू. मरत नाहीयेस.’

जयंतीने फुंकर सोडली. ती तुटली. पुन्हा सोडली.

‘मीही मेले नाही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘नंदू पोटात होता तेव्हापासून.’

घागरीतल्या काळोखात जयंतीला घरच्या मोरीचं बंद दार दिसलं. सुट्टीच्या दुपारीही मोरीला आतून कडी लावून, नळ धो धो सोडून बसणाऱ्या सासूबाई! आणि आपण बाहेर धुसफुसायचो, पाण्याची काय ही नासाडी म्हणून. एकाच घरातल्या दोघी, एक मोरीत, एक ऑफिसच्या बाथरूममध्ये — आणि संध्याकाळी समोरासमोर बसून भाजी निवडायचो, कोथिंबीर किती महाग झाली ते बोलायचो.

‘मग देवी?’ तिने घागरीतच विचारलं.

‘ती येते की नाही, मला माहीत नाही गं. पण या एका दिवशी चारचौघांत थरथरता येतं. कुणी वेडी म्हणत नाही.’

तिला संताप आला. इतकी वर्षं? एका शब्दाने तरी... पण मी तरी कुठे बोलले होते? श्वास बाहेर जात होता, आधीपेक्षा लांब. बोटं परत आपली वाटायला लागली, आणि त्या बोटांनाच मग कळलं की घागर धरलेला सासूबाईंचा हात गार पडलाय, घामेजलाय, आणि हलतोय.

तिने घागर त्यांच्या तोंडाकडे वळवली.

‘बाहेर सोडा, आई. हळू.’

‘दोघींच्या अंगात आली!’ बाहेर एकच कल्ला झाला, सगळ्या घागरी जोरात घुमायला लागल्या. पदराच्या काठाखालून प्रेमाची पावलं दिसत होती, जागची न हललेली. तिला उत्तर हवं होतं. जयंतीला पदर बाजूला सारायचा धीर होईना. भीती होती तिथेच होती. ती आपली एकटीची नव्हती, कधीच नव्हती — याने हायसं वाटून घ्यावं की हंबरडा फोडावा, हेच तिला समजेना, आणि ती सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवून त्यांचा श्वास ऐकत राहिली.