सभापतीच्या नारळाआधी

"बनूकाकी, गेल्या खेपेला माझा अ‍ॅक्सल मोडला. वळनावरचा खड्डा भरला का हाक मारा, काशीला बदलापूरच्या दवाखान्यात नेऊन सोडतो. त्याआधी रिक्षा आत आननार नाय." प्रमोद रिक्षावाल्यानं मला तोंडावर सांगितलं. काशी माझी सून. दिवस भरत आलेले, आन् पयल्या बाळंतपनाला आडलेली. माझा जीव त्या खड्ड्यात अडकला व्हता.

म्हनून त्या दिवशी वळनावर मांडव दिसला तवा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. उल्हासनगरच्या भावेशशेठनं नवी मशीन आनलेली. खाली लोखंडाची पाटी, वर पेट्रोलचं इंजिन, मागं धरायला दांडा. खड्ड्यात डांबर टाकायचं आन् हिनं थडथड करून दाबायचं. आज तिची टेस्टिंग. पास झाली तर पंचायत समिती इकत घेनार. मागं फ्लेक्स लावलेला, त्यावर जयदेव सभापतीचं तोंड परातीएवढं. मशीनचा फोटू कुठंतरी कोपऱ्यात.

टेम्पो आला. डांबराच्या खडीतनं वाफा निघत व्हत्या. गड्यांनी माल खड्ड्यात वतला आन् हात बांधून हुबे राह्यले.

"चालू करा की," मी बोलले.

"सभापती येतील, नारळ फोडतील, मंग."

भावेशशेठ घाम पुसत बोलला, "अरे भाई, माल गरम है तब तक मारना पड़ेगा. ठंडा हो गया तो मशीन क्या करेगी?"

कोनी हललं नाय. बैलासारखी मानसं, पन सभापतीच्या नारळाआधी मशीनची दोरी ओढायची छाती एकाची नाय.

"आना इकडं, मीच फोडते नारळ."

"काकी, बायमानसानं नारळ फोडायचा नसतो. अपशकुन व्हतो."

"आन् खोबरं किसायला बायमानूस चालतं का रे?"

हसले मेले, पन नारळ काय दिला नाय.

सभापती आला तवा ऊन कललं व्हतं. हार घातला, भाषन झालं, इकास इकास करून झालं. मंग नारळ फुटला, मशीनला हळद-कुकू लागलं आन् दोरी ओढली. थडथड सुरू. डांबर कवाच थिजलेलं. पाटी त्याच्यावर उडायची आन् दांडा धरनारा तिच्यामागं धावायचा. भावेशशेठनं मान खाली घातली.

"वळनच वाकडं हाय, मशीन तरी काय करनार," सभापती बोलला. नाचता येईना अंगन वाकडं, दुसरं काय. तरी टाळ्या पडल्या, मशीन पास झाली, गाड्या निघून गेल्या. खड्डा व्हता तिथं ढेकळांचा ढीग राह्यला.

त्याच दिवशी, दिवेलागनीला काशीच्या पोटात कळा सुरू झाल्या. प्रमोद बिचारा बोलावल्यावर आला, पन ढिगाच्या पलीकडंच थांबला.

"काकी, खड्ड्यातनं येकवेळ काढली असती. ह्याच्यावर रिक्षा पोटावर बसंल."

आमचं घर वळनापासनं चांगलं आत. काशीला पाऊल टाकवत नव्हतं. झोळी करायला घेतली तर घरातली चादर टरकन फाटली. मी विळा घेतला, वळनावर गेले आन् फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. दुहेरी घडी घालून बांबूला बांधला, काशीला आत बसवली आन् वाडीतल्या चौघांनी उचलली.

"आत्या, खाली गुळगुळीत काय लागतं?" काशी कन्हत बोलली.

"सभापती हाय. बस दाबून."

एवढ्या कळांत पोर हसली. ढिगावरनं तिला पलीकडं नेली, रिक्षात घातली. पहाटं नात झाली. दोघी धडधाकट. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडले.

दोन दिवसांनी सभापतीचा मानूस दारात आला. फ्लेक्स पायजे म्हने, फुडच्या गावाला लावायचाय.

"धुऊन वाळत घातलाय, घेऊन जा," मी बोलले. "आन् सायबांना सांग, एवढ्या वर्षांत वाडीचं एकच काम केलं तुमी. ते बी आडवं पडून."