केसभर हललेला चेंडू

माझ्या धाकट्या भावाच्या सत्काराला मी पहिल्या रांगेत बसले होते. निवेदक त्याच्या कारकिर्दीचे गोडवे गात होता. गोल्फमधली अकरा मोठी अजिंक्यपदं, दोनदा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, आणि वर प्रामाणिकपणाचा पुरस्कार. तो कशाबद्दल, तर एकदा गवतात त्याच्याच काठीचा धक्का लागून चेंडू केसभर हलला. कुणीही पाहिलं नव्हतं, तरी यानं स्वतःहून पंचांना सांगून दंडाचा एक फटका आपल्या नावावर मांडून घेतला. लोकांच्या टाळ्या थांबेनात.

मग सत्कारमूर्ती साहेब बोलायला उठले. "बाबा शेवटच्या घटका मोजत होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. म्हणाले, जा, खेळ, जिंकून ये."

अंगावर पाल पडावी तसं झालं मला. तो हात माझ्या हातात होता! हा फोनसुद्धा उचलत नव्हता, आणि उचलला तेव्हा म्हणाला, "ताई, शेवटची फेरी सोडून कसा येऊ? तू आहेस ना तिथे." मेल्यानं जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी!

शेजारची बाई डोळे पुसत होती. तेवढ्यात निवेदकानं माइक माझ्यापुढे धरला. "ताई, तुम्ही तर साक्षीदार!" भावानं स्टेजवरून मला हळूच डोळा मारला. शिसारी आली.

मी म्हणाले, "बाबा शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. चेंडू हलला रे, राजा. मी पाहिला. मांड फटका."