पलीकडची लाईन

विद्यापीठात सगळे त्यांना तारवाले म्हणत. तारवाले म्हटलं की शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना कळायचं की शिडीवर उभा राहून, चष्मा कपाळावर चढवून केबल ओढणारा तो माणूस हवा आहे. इंटरनेट चालू असेपर्यंत या माणसाची कुणाला आठवण होत नसे आणि ते बंद पडलं की जो तो त्याच्या नावानं शंख करायचा.

ते जाळं होतंही तसंच. जसजसे पैसे आले तसतसे राउटरचे डबे आले, प्रत्येक डबा वेगळ्या कंपनीचा, आणि सगळ्यांची मोट बांधता बांधता तारवाल्यांच्या नाकी नऊ यायचे. ग्रंथालयात कुणी मोठा पंखा लावला की वाचनकक्षातली लाईन जायची. का जायची ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पण सगळ्यात दुखरं दुखणं होतं नदीपलीकडचं. तिकडे शेतकी कॉलेज होतं. दोन्हीकडच्या गच्च्यांवर एकमेकींकडे तोंड करून दोन अँटेना उभ्या होत्या आणि पलीकडच्या अँटेनाखाली, कॉम्प्युटरच्या खोलीत, एक जुना डबा होता. वारा सुटला, पक्षी बसला, कधी काहीच झालं नाही, तरी लाईन जायची. मग त्या खोलीचं काम बघणाऱ्या बाई फोन करायच्या.

"अहो तारवाले, लाईन गेलीय."

"थांबा हं. डबा बंद करा. आता चालू करा."

"केला."

"फोन ठेवू नका. दिवे लागेपर्यंत थांबू."

फोन ठेवून चालत नसे, कारण दिवे उलटसुलट लागले तर पुढचं बटण सांगावं लागे. आणि तो डबा भलता आळशी होता. त्याला जागं व्हायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात चहा करून, पिऊन, कप विसळून व्हावा. आता एवढा वेळ दोन माणसं फोन कानाला लावून नुसती बसणार कशी? म्हणून ती बोलत.

बाई सांगत, खिडकीत येऊन बसणाऱ्या मांजरीला या खेपेस तीन पिल्लं झालीत, भावाचा गुडघा पुन्हा धरलाय, आईला आता चमच्यानं भरवावं लागतं. तारवाले सांगत की मुलीचं लग्न झाल्यापासून घरात भाजी निवडायचा कंटाळा येतो, म्हणून ते नुसता वरणभात खातात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्याबद्दल त्यांनी मुलीपाशी कधी चकार शब्द काढला नव्हता, पण दिवे लागायची वाट बघता बघता बाईंना बरंच सांगून झालं होतं. ती झोपेत हसायची, हेसुद्धा. मग पलीकडून आवाज यायचा, "लागला हो हिरवा." आणि दोघंही "बरं, ठेवते", "बरं, ठेवा" म्हणून फोन ठेवत.

समोरासमोर मात्र दोघांची दातखीळ बसायची. वर्षातून एकदोनदा तारवाले गच्चीवर अँटेना सरळ करायला जात. तेव्हा बाई दारातून मान हलवत, तारवालेही मान हलवत, आणि तेवढ्यावर भागायचं. एकमेकांचा मोबाईल नंबरही त्यांच्याकडे नव्हता. लाईन गेल्याचं सांगायला टेबलावरचा फोन पुरत होता.

बाईंची आई गेली त्या आठवड्यात तर पलीकडची लाईन रोज जायला लागली. तारवाल्यांनी डोकं खाजवलं, आणि डब्याची विजेची वायर खराब झाली असणार असं ठरवून नवी कोरी वायर शिपायाबरोबर पाठवून दिली. इतका हुशार माणूस, पण काही बाबतींत अगदीच दगड होता, त्याला कोण काय करणार?

रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. ती म्हणायची, "बाबा, बोला ना काहीतरी." तारवाले म्हणायचे, "तुझ्याकडे सिग्नल बरा दिसतोय." पुढे घोडं अडायचं. समोर एखादं यंत्र सुरू होत असल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. फोन ठेवला की ते घरभर दिवे लावून बसत.

मग एका वर्षी मोठं अनुदान आलं आणि सगळं जाळं नवं करायचं ठरलं. जमिनीखालून काचेच्या केबल, प्रत्येक इमारतीत एकाच जातीचे डबे, आणि तारवाल्यांच्या खोलीत भिंतभर पडदा. पडद्यावर प्रत्येक इमारतीचा एक ठिपका. हिरवा असला की ठीक, लाल झाला की बिघाड, आणि बिघाड बहुतेक इथूनच दुरुस्त करायचा. तारवाल्यांनी आयुष्यभर हेच मागितलं होतं. ते लहान पोरासारखे खूश झाले.

"म्हणजे आता तुम्हाला माझा फोन यायचा नाही," बाई म्हणाल्या. डबा नेहमीसारखा जांभया देत होता.

"हो तर," तारवाले म्हणाले. "तुमच्यामागची कटकट गेली."

"लागला हिरवा," बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर तारवाल्यांना आपलं वाक्य आवडेना. रात्री वरणभात तसाच ताटात राहिला. काय हरवणार आहे ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं, आणि ते घाबरले.

कुठली इमारत आधी घ्यायची, हे त्यांच्या हातात होतं. त्यांनी नदीपलीकडचं काम शेवटी टाकलं. पुलावरून केबल न्यायची परवानगी आली नाही, असं ते सांगत राहिले. परवानगी आली होती, त्यांच्याच खणात पडली होती. शेवटी कुलसचिवांनी त्यांना बोलावून चांगलं फैलावर घेतलं. "पलीकडची माणसं काय अश्मयुगात ठेवायची आहेत का?" मग नाइलाज झाला.

नवा डबा बसवायला ते स्वतः गेले. वाटेत त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. डबा सुरू होईपर्यंत बाईंना विचारायचं, की लाईन गेली नाही तरी मी अधूनमधून फोन केला तर चालेल का. एवढंच. वाक्य चारचारदा म्हणून पाहिलं होतं.

त्यांनी नवा डबा भिंतीला लावला, केबल जोडली, बटण दाबलं. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याही मनात काहीतरी असावं. "मी काय म्हणत होते," त्यांनी सुरुवात केली.

डब्याचे सगळे दिवे हिरवे झाले.

"झालंसुद्धा?" बाई म्हणाल्या.

"नवीन आहे ना," तारवाले म्हणाले. "काय म्हणत होता?"

"काही नाही. छान झालं."

तारवाल्यांनी तोंड उघडलं, पण वाट बघायला आता काहीच उरलं नव्हतं. त्यांनी जुना डबा पिशवीत घातला आणि ते मान हलवून निघाले.

पुढचे कितीतरी दिवस तारवाल्यांच्या टेबलावरचा फोन वाजला नाही. कुठलंच काही बिघडत नव्हतं. कुलगुरूंनी भाषणात तारवाल्यांचं कौतुक केलं, आता त्यांना आराम मिळेल असंही म्हणाले. तारवाले दिवसभर खुर्चीत बसून हिरवे ठिपके बघत. त्यातल्या नदीपलीकडच्या ठिपक्याकडे जरा जास्त. तो लाल व्हावा असं त्यांना वाटायचं, आणि आपणच बसवलेलं बिघडावं असं वाटतं याची लाजही वाटायची. फोन उचलावा, तर सांगायचं काय? सगळं चालू आहे, म्हणून?

एका दुपारी फोन वाजला.

"अहो तारवाले, लाईन गेलीय."

तारवाले खुर्चीत ताठ बसले. त्यांनी पटकन पडद्याकडे पाहिलं.

"नाही बाई, गेलेली नाही. मला इथं दिसतंय ना. तुमचा ठिपका हिरवा आहे."

"हो का?" बाई म्हणाल्या.

"अगदी हिरवा. तुमचा कॉम्प्युटर अडकला असेल. बंद करून चालू करा, होईल."

"बरं."

"आणखी काही लागलं तर सांगा."

"नाही, आता काही नाही लागणार," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

तारवाले खुर्चीत मागे रेलले. जागचं न हलता बिघाड सापडला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःचं थोडं कौतुकच वाटलं. ते चहा आणायला उठले, दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. फोन ठेवू नका, असं म्हणायचं राहिलं होतं.

ते परत येऊन बसले. बराच वेळ त्यांनी फोनवर नुसता हात ठेवला. सहज केला होता फोन, असं म्हणायचं त्यांनी ठरवलं. आयुष्यात त्यांनी कुणाला सहज फोन केला नव्हता. मग त्यांनी नंबर फिरवला. बऱ्याच वेळानं कुणीतरी उचलला. खोलीला कुलूप लावायला आलेले कॉलेजचे हेडक्लार्क होते.

"बाई आहेत का?" तारवाल्यांनी विचारलं.

"बाई गेल्या की. आज शेवटचा दिवस होता ना त्यांचा. आता सगळं तुमच्याकडूनच चालणार, मग इथं माणूस कशाला, म्हणून खोली बंद करायची ठरली. बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. भावाकडे राहायला चालल्या, लांब."

"निघाल्या?"

"आत्ताच गाडीत बसल्या. सकाळपासून एकेकाला फोन करून निरोप घेत होत्या. तुम्हाला नाही आला?"

भिंतीवरचे सगळे ठिपके हिरवे होते.

"आला होता," तारवाले म्हणाले.