मामाशिवायची एन्ट्री

अकबर मास्टरांनी गाणं अर्ध्यावर बंद केलं आणि मोबाइल तेजलसमोर सरकवला. कुणासारखं व्हायचं नाही, आपण आहोत तसेच झकास, असं ठणकावणारं ते गिटारवालं गाणं सध्या नाशकातल्या प्रत्येक रिक्षात वाजत होतं. त्यात संशय यावा असं काही नव्हतं. संशय आला तो या नवरीच्या अटीचा.

“गाणं सुरू झालं की मी खोलीतून एकटी निघणार,” ती स्कार्फच्या आडून म्हणाली. “मामांना आधी सांगायचं नाही.”

नवरीला मांडवात मामा आणतो, हे नाशिक रोडच्या या बँडमास्टरला चाळीस वर्षांत पाठ झालं होतं. मामाला टाळणारी नवरी कुठे निघते, हेही एकदा कळलं होतं. गंगापूर रोडला एका लग्नात नवरी मागच्या दारानं पसार झाली आणि दोन्हीकडच्यांनी हात साफ केले ते बँडवाल्यांवर.

“बेटा, कुठं जायचं ठरवलंय का?”

“मांडवातच.”

तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते भरले होते. मास्टरांना ती खूणही वाईटच वाटली. शब्द मात्र ते देऊन बसले.

लग्नाच्या दिवशी त्यांनी क्लॅरिनेटवाल्या अमीरला मागच्या गेटवर उभं केलं. नवरी तिकडे दिसली की थेट तिच्या वडिलांना, जयरामभाऊंना गाठायचं, असं बजावलं. मग ट्रम्पेट ओठांना लावलं.

खोलीचं दार उघडलं आणि तेजल बाहेर आली. चेहऱ्यावर मेकअपचं नाव नव्हतं. डाव्या गालापासून गळ्यापर्यंत कोडाचे पांढरे डाग उघडे होते.

मास्टरांचा सूर तुटला. मागचा बँडही थांबला. अंतरपाटावरून डोकावणारा नवरदेव तेवढा हसला; त्याला सारं ठाऊक असावं. मामा जागचा हलला नाही. आई पदर सावरत धावली आणि जयरामभाऊंनी हातानंच बँड बंद ठेवायची खूण केली. तेजल वाटेतच थबकली, मग एक पाऊल मागे सरकली.

अकबर मास्टरांना स्वतःची लाज वाटली. पोरगी खरोखरच मांडवात यायला निघाली होती.

बँडवाल्यांनी मांडवाच्या कमानीबाहेर थांबायचं, हा रिवाज त्यांनी कधी मोडला नव्हता. त्यांनी जयरामभाऊंकडे पाठ केली, गाणं पहिल्यापासून उचललं आणि वाजवत वाजवत आत शिरले. तेजलच्या शेजारी आले आणि तिच्या पावलानं चालू लागले.