उसाचा बुडखा

"कोरा फेटा हुता. जत्रला घेतल्याला. रगात निघतंय व्हय आता त्यातनं?" कौसल्याबाई सुनेच्या कानाशी पुटपुटली.

पोटचा पोरगा टेबलावर पांढराफटक पडलेला, आणि माउलीला फेट्याची पडलेली. सारजाला राग आला नाही. सासू फार भ्याली की कापडाचोपडावर घसरते, हे तिला पहिल्या वर्षातच कळलं होतं.

नागेशला लोणी भापकरहून जीपमधे आडवा घालून बारामतीच्या या छोट्या दवाखान्यात आणला होता. मांडीच्या आतल्या अंगाला भोक, रुपयाएवढंही नाही. घरी हळद दाबून वर सासऱ्याचा फेटा आवळला, तेव्हा कुठं रक्त थांबलं.

"कशानं लागलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उसाचा बुडखा," कौसल्याबाई म्हणाली. "तोडल्याल्या फडात पडला."

सारजानं मान हलवली. टेबलावरनं नागेशनंही हलवली. सासरे आबाजी दाराशी काठी धरून बसले होते.

फडात आज कुणी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. घरी उरल्यासुरल्या मेंढ्यांची लोकर कातरायची होती. रीत अशी की पहिली मेंढी घरातल्या थोरल्यानं कातरायची. थोरले म्हणजे आबाजी. त्यांच्या डोळ्यांवर पडदा आलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक नसल्याचंही सगळ्यांनीच ठरवलं होतं. चहाची कपबशी त्यांच्या बोटाला लागेल अशी ठेवायची. ते "उजेड कमी हाय" म्हणाले, की भर दुपारी बल्ब लावायचा. आज नागेशनं मेंढी मांड्यांत आवळून धरली, ती उसळून निसटली आणि आबाजींनी लांब पात्यांची कातर तशीच पुढं सारली.

डॉक्टरीणबाईंनी जखमेवर बोळा दाबून धरत फेट्याची गाठ सोडली. मग नागेशची दोन्ही पावलं जवळ घेऊन वर बोटं टेकवली. आधी एकावर, मग दुसऱ्यावर.

"बोटं हलवा. हं. हात लावलेला कळतोय?"

"कळतंय. पर मुंग्या आल्यात."

"हा पाय गार आहे. नाडी लागत नाही. फेट्यानं आवळली असेल तर येईल परत. थांबू थोडं."

सारजा पाऊल चोळायला धावली. "चोळू नका," बाई म्हणाल्या. मग तिनं ते नुसतं ओंजळीत धरून ठेवलं. पहाटे अंथरुणात हेच पाऊल भट्टीसारखं तापलेलं असायचं, तिला लागलं की ती करवादायची.

बाईंनी पुन्हा बोटं टेकवली. बराच वेळ. मांडी मघापेक्षा फुगलेली दिसत होती.

"खरं सांगा. बुडखाच असेल तर जखम वरवरची असेल, इथंच सूज उतरायची वाट बघता येईल. पण धारेचं काही खोल गेलं असेल, तर आतली मोठी शीर तुटली असणार. ते इथं होणार नाही, आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायला हवं. उशीर झाला तर पाय जाईल."

"बुडखाच," नागेश म्हणाला. त्याचे ओठ वाळले होते. "सारजे, सांग की."

सारजानं तोंड उघडलं. सासूनं दंडाला चिमटा काढला. "बाई, त्याचं काय झालं, उजेडच कमी हुता..."

"दुपारी? फडात?"

काठी खाली पडली. आबाजी हात पुढं करून चाचपडत आले ते टेबलावर आदळलेच.

"बुडखा न्हाय, बाई. मेंढराची कातर. माझ्या हातात हुती." त्यांनी स्वतःच्या पंजावर बोट ठेवून मनगटापर्यंत ओढलं. "एवढी गेली. हाताला कळलं मला."

"जीप वळवून ठेवायला सांगा!" बाईंनी फोन उचलला. नंबर फिरवता फिरवता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो बाबा, पण समोर पोराची मांडी आहे, एवढंही..."

"आबा, गप बसा," नागेश कण्हला.

"मला दिसत न्हाय," आबाजी म्हणाले.