चकत्या

माझ्या भाच्याच्या पायातला दोरा कापायचा दिवस होता आणि त्याचा बाप डोंगराच्या पोटात भोकं पाडत बसला होता. माझं डोकं सकाळपासूनच तापलं होतं ते यामुळे. पोर वर्षाचं होऊन उभं राहायला लागलं की आमच्याकडे त्याच्या दोन्ही पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात. लांबून मुलं धावत येतात, जो पहिला पोचेल तो सुरीनं दोरा कापतो. मग पोर चार पावलं टाकतं, नाहीतर बुडावर आपटतं आणि सगळे हसतात. आयुष्यात एकदाच होणारी गोष्ट. तिला बाप हजर नको? पण शामिरबेक, माझा धाकटा भाऊ, हक्काची रजासुद्धा मागायला तयार नव्हता.

कारण त्याचा सासरा म्हणजे एसेनकुल. बोगद्याच्या सगळ्या वसाहतीचे 'आके', वडीलधारे. डोंगरात कुठे किती दाब कोंडलेला आहे हे मोजून त्याचा नकाशा काढायचं काम त्यांचं, आणि वीजघराचा बोगदा कुठून न्यायचा ते त्या नकाशावरून ठरायचं. त्यामुळे बोगद्यातले गडी शामिरबेकला नावानं हाक मारतच नसत. तो 'आक्यांचा जावई'. त्याला नवे बूट मिळाले तर आक्यांचा जावई, पाळी बदलून मिळाली तरी आक्यांचा जावई. या चिडवण्याला तो इतका विटला होता की सासऱ्याच्या अंगणातून जायचं तरी इकडेतिकडे बघून जायचा.

त्यात सायकालनं, म्हणजे माझ्या भावजयीनं, सकाळीच एक उद्योग करून ठेवला. कचेरीतून बोगद्यातल्या फोनवर निरोप दिला, पोराला सणकून ताप भरलाय, लगेच ये. शामिरबेक धापा टाकत फोनवर आला, आणि इकडे मागे उभ्या असलेल्या बायकांना हसू आवरेना. ते त्याला ऐकू गेलं. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या गड्यांनाही ऐकू गेलं. मग काय, त्यांनी बोगदा डोक्यावर घेतला. शामिरबेक एवढंच म्हणाला, "संध्याकाळी घरी येतो, मग बघतो तुझ्याकडे," आणि फोन आपटला.

"तुम्हीच एक शब्द टाका ना, आके," सायकालची मावशी एसेनकुलांना म्हणाली. "तुम्ही सांगितल्यावर त्याला अडवणार कोण?"

"बोगदा काय माझ्या बापाचा आहे?" आके म्हणाले. "आणि जावयाला बाहेर काढलं तर उद्या सगळी वसाहत माझ्या तोंडावर हसेल."

तो विषय तिथेच संपला. दोरा कापून झाला. पोर तीन पावलं चाललं आणि मांडवाच्या खुंटीला जाऊन धडकलं. मग सगळे सतरंजीवर चहाला बसले, आके मानाच्या जागी, लोडाला टेकून.

मी आक्यांच्याच पथकात काम करते. दाब मोजायचा म्हणजे फार अवघड वाटतं, पण मूळ गोष्ट साधी आहे. डोंगरातला दगड चहूबाजूंनी दाबलेला असतो. भोकाच्या तळाशी मी एक नाजूक पट्टी चिकटवते, मग तिच्याभोवती गोल ड्रिल फिरवून तेवढा दगड मोकळा करतात. मोकळा झालेला दगड केसभर फुगतो. पट्टी ते फुगणं पकडते आणि मी आकडा वाचते. जास्त फुगला म्हणजे जास्त दाब. अट एकच, दगडाचा तो गाभा अखंड बाहेर यायला हवा. फुटला तर भोक वाया. मग ड्रिलवाले थोडं सरकून दुसरं भोक पाडतात आणि ते नीट उतरलं की मला बोलावतात.

चहाचा वाडगा उचलला तेव्हा त्याच्याखाली दगडाची एक चकती होती. हाताच्या तळव्यात मावेल एवढी, बोटभर जाडीची. सगळ्यांच्या वाडग्यांखाली तशाच. मी ती सहज उलटून पाहिली. दोन्ही बाजू ताज्या, करवतीचा ओरखडा नाही, आणि मधे किंचित बाक, घोड्याच्या खोगिराला असतो तसा.

अशा चकतीचं चित्र मी पाहिलं होतं. आक्यांनीच दाखवलं होतं, मी कामाला लागले त्या वर्षी. फार, फार दाब असेल तर गाभा भोकातच आपणहून चकत्या-चकत्या होऊन सुटतो, असं ते म्हणाले होते. आपल्या डोंगरात असं कुठे नाही, असंही म्हणाले होते.

"सायकाल, ह्या कुठून आणल्यास?"

"दोलोतभाऊंनी दिल्या. छान आहेत ना? सतरंजीला डाग पडत नाही."

दोलोत आमचा ड्रिलचा मुख्य कारागीर. तो पलीकडेच बसून मटणाचं हाड चोखत होता. मी त्याच्यासमोर चकती धरली.

"डावीकडच्या वळणावरची," तो खुशीत म्हणाला. "तिथला दगड म्हणजे गंमत आहे, झूरा. पावासारखा कापलेलाच बाहेर येतो. घासावा लागत नाही, काही नाही. माझ्या घरी दुधाच्या भांड्यांवर ह्याच झाकण्या आहेत."

"एकाच भोकात आला असा?"

"छे, वळणावर कुठेही घाल. चांगला गाभा मिळायला पार लांब सरकावं लागतं."

"आणि हे तू आक्यांना सांगितलं नाहीस?"

त्याचं चोखणं थांबलं. "काय सांगायचं? एकदा फुटका गाभा टेबलावर ठेवला होता, तर त्यांनी तो खिडकीतून बाहेर भिरकावला. ड्रिल धरता येत नाही तर मेंढ्या राख, म्हणाले. पुन्हा फुटका माल माझ्यासमोर आणू नकोस म्हणाले. नाही आणला."

मला आक्यांच्या भिंतीवरचा नकाशा डोळ्यांसमोर दिसत होता. लाल म्हणजे दाब जास्त, निळा म्हणजे कमी. वळणाच्या अलीकडे माझे निळे ठिपके, पलीकडे माझे निळे ठिपके, मधली जागा कोरी. ती आक्यांनी निळ्या पेन्सिलीनं हलकेच भरून टाकली होती. दोन निळ्यांच्या मधे निळंच असणार, असा त्यांचा हिशेब. त्याच निळ्यावर विसंबून बोगदा डावीकडे वळवला होता. म्हणजे जिथला दगड मोजण्याइतका सुखात होता तेवढाच आम्ही मोजला होता, आणि जिथे तो फुटत होता ती जागा सुरक्षित म्हणून रंगवली होती. त्या जागेत आत्ता माझा भाऊ उभा होता.

मी आक्यांच्या मांडीवर चकती ठेवली. "डावं वळण," म्हटलं. "दोलोत म्हणतो, तिथे सगळीकडे असंच निघतं."

त्यांनी ती उजेडात धरली. अंगठ्यानं बाक चाचपला. माणसाचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी तोवर पाहिला नव्हता. ते उठले आणि थेट कचेरीकडे पळत सुटले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे ज्यांना पायरी चढताना हात द्यावा लागतो ते एसेनकुल आके पळत होते, आणि मी त्यांच्यामागे. मागे बायका एकमेकींना विचारत होत्या, काय झालं, आक्यांना काय झालं.

बोगद्याचा फोन लागला. मी आक्यांच्या कानाला कान लावून उभी राहिले. पलीकडे शामिरबेकच आला.

"मी बोलतोय," आके म्हणाले. "सगळं जागच्या जागी टाका आणि बाहेर या. सगळेजण. आत्ता."

शामिरबेक हसला. आधी नुसता खुदकन, मग मोठ्यानं. "आता काय झालं, आके? तापाचा गोवर झाला का?" मग तो फोन बाजूला धरून इतरांना म्हणाला, "सासरेबुवांचा फोन आहे रे. डोंगर पडतोय म्हणे, जावयाला घरी पाठवा." तिकडे पुन्हा हशा उसळला.

"ऐक माझं. वळणावरचा दाब नकाशात चुकलाय. माझा नकाशा चुकलाय."

"तुमचा नकाशा?" तो आणखी हसायला लागला. "आके, खोटं बोलायचं तर पटेल असं तरी बोला. तुमचा नकाशा आणि चूक? ह्याच्यापेक्षा सायकालचा ताप बरा होता."

आके पुन्हा बोलायला गेले, पण त्या हशात त्यांचं कुणी ऐकेना. तिकडे एकजण 'आक्यांचा जावई' म्हणून ताल धरत होता, आणि शामिरबेक हसतच होता. त्यालाही वाटत असणार, एकदा सगळ्यांच्या बरोबरीनं मनमुराद हसून घ्यावं, म्हणजे कटकट मिटेल.

मी फोन हिसकावला. "गाढवा, मी झूरा बोलतेय. आईच्या कबरीची शपथ घेऊन सांगते, ही थट्टा नाही. एकच सांग, दगड आवाज करतोय का?"

हसू थांबलं.

"एजे," तो म्हणाला. एजे म्हणजे ताई, पण रागात असला की तो नावानं बोलतो, घाबरला की एजे म्हणतो. "सकाळपासून तडतडतोय. भिंतीतून चिपा उडतायत, ओरमोनच्या गालाला एक लागली. आम्ही म्हटलं, नकाशात निळं आहे, थंड पाण्यानं तडकत असेल."

"सगळ्यांना काढ बाहेर. पळ."

त्यानं फोन ठेवला नाही, तसाच सोडला. तो भिंतीवर आपटत राहिला आणि मला सगळं ऐकू येत राहिलं. तो एकेकाचं नाव घेऊन ओरडत होता. धावणाऱ्या बुटांचे आवाज फोनजवळून गेले. मग तो ओरमोनला हाका मारायला लागला. ओरमोन सगळ्यात पुढे ड्रिलवर होता, कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या घालून. ड्रिलचा आवाज चालूच होता. शामिरबेकची हाक लांब गेली, आत गेली.

मग फोनमध्ये कट्ट झालं आणि काहीच ऐकू येईना. थोड्या वेळानं कचेरीच्या काचा थरथरल्या.

आके खुर्चीवर बसले नाहीत की भिंतीला टेकले नाहीत. "जीप," एवढंच म्हणाले. रस्ताभर मी मनात शामिरबेकला शिव्या घालत होते, सायकालला घालत होते, चहाच्या वाडग्याला घालत होते. शेजारी बसलेल्या माणसाला घालायला मात्र मला जमेना, कारण ते तोंडानं काहीतरी पुटपुटत होते आणि ते फक्त माझ्या भावाचं नाव होतं.

बोगद्याच्या तोंडाशी धुळीचा लोट अजून निघत होता. गडी बाहेर येऊन जमिनीवर पडले होते, सगळे पिठात लोळल्यासारखे पांढरे, कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं. मी एकेकाचं तोंड धरून बघत गेले. शामिरबेक सगळ्यात शेवटी आला, भिंतीला हात लावत. कानातून रक्त येत होतं. मी त्याला मिठी मारली तर तो ओंडक्यासारखा उभा राहिला.

ओरमोन आला नाही. ओरमोननंच शामिरबेकला ड्रिल कसं धरायचं ते शिकवलं होतं. शामिरबेक त्याच्यापासून दोन पावलांवर होता तेव्हा बाजूची भिंत फुटून बाहेर आली. हात लांब करून पोचलो असतो, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आता त्या जागी छतापर्यंत दगड होता.

बोगद्याचे मोठे साहेब आले. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "इशारा कुणी दिला? फोन लागल्यावर माणसं लगेच का नाही निघाली?"

गडी खाली बघायला लागले. मघाशी ताल धरणारा त्यांच्यातच होता. शामिरबेकनं तोंड उघडलं, पण आके त्याच्या आधी बोलले.

"ती लगेच निघाली, साहेब. उशीर माझ्याकडून झाला. चकती हातात आली आणि मी बसून राहिलो. स्वतःचा नकाशा चुकला हे कुणाला सांगायची लाज वाटली. बराच वेळ बसलो होतो. फोनच उशिरा केला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तिथे होतीस?"

मी आयुष्यात कुणाचं खोटं पचू दिलेलं नाही. बाजारात वजनावरून भांडते, सभेत उभी राहून बोलते. "होते," मी म्हटलं. "ते म्हणतात तसंच झालं. बसून होते."

साहेब काहीतरी लिहून घेत पुढे गेले. आके तिथेच उभे होते, जावयाकडे न बघता. शामिरबेक मात्र त्यांच्याकडे बघत होता. तोंडाकडे नाही, खाली. म्हणून मीही खाली पाहिलं. आक्यांच्या पायांत बूट नव्हते. सतरंजीवर बसताना काढलेले बूट तसेच मांडवात राहिले होते. वसाहतीच्या खडीवरून पळून मोजे चिंध्या झाले होते, आणि ते उभे होते तिथली धूळ ओली लाल झाली होती. बराच वेळ बसून राहिलेल्या माणसाचे पाय असे नसतात, हे कळायला शामिरबेकला काही कुणी सांगावं लागलं नाही.

तो माझ्याकडे वळला. कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे तो जरा मोठ्यानंच बोलला, सगळ्या गड्यांना ऐकू जाईल असं.

"एजे, मी किती वेळ हसत होतो?"

माझ्या जिभेला हाड नाही असं अख्खी वसाहत म्हणते. मी नुसता भावाचा हात धरला आणि त्याला जीपकडे घेऊन निघाले.